आईला अमेरिकेला न्यायचंय, पण कागदोपत्री नातं सिद्ध कसं करायचं?

गोरेगावची_अनघा

भाऊ न्यू जर्सीत असतो, नुकताच तिथला नागरिक झाला. आता आईसाठी आय-१३० (नातेवाइकाला अमेरिकेत कायमचं नेण्यासाठीचा अर्ज) भरायचा आहे. तो तिकडे, मी इकडे, त्यामुळे मुंबईतली कागदांची सगळी धावपळ माझ्याकडे आहे.

फॉर्मचं काही नाही. घोडं अडलंय ते नावापाशी. भावाच्या जन्मदाखल्यावर (१९७६, महापालिकेचा) आईचं नाव सुलोचना आहे. आईच्या पासपोर्टवर, आधारवर, पॅनवर, सगळीकडे मीनाक्षी. बाळंतपण माहेरी, गिरगावात झालं. प्रसूतिगृहात नाव सांगायला मामा गेला होता, त्याने बहिणीचं त्याच्या तोंडातलं माहेरचं नाव सांगितलं. वडिलांचं नाव बरोबर आहे. बाळाच्या नावाचा रकाना कोरा, नुसतं 'पुरुष'.

आईबाबांचं लग्न १९७३ चं, रत्नागिरीजवळच्या गावी. नोंदणी केली नव्हती. बाबा आता नाहीत, त्यामुळे दोघांनी नोंदणीला उभं राहण्याचा प्रश्नच संपला.

एक एजंट म्हणतो, "ताई, जुनं सोडा, नवीन जन्मदाखला काढून देतो, सगळी नावं बरोबर." मला हे पटत नाही, पण नाही म्हणायला ठोस कारणही सापडत नाही. कुणी यातून गेलंय का?

सॅन_होजेकर

दोघांना आणलंय, आईला आधी आणि बाबांना नंतर.

अर्जदार अमेरिकन नागरिक हवा आणि वय २१ पूर्ण हवं. ग्रीन कार्डवर आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. हे अनघाच्या भावाला लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटेल. आईवडील 'इमिजिएट रिलेटिव्ह' धरले जातात, त्यामुळे भावंडांच्या अर्जांसारखी वर्षानुवर्षांची कोट्याची रांग नाही.

आईसाठी मुलाचा जन्मदाखला लागतो, त्यावर मुलाचं आणि आईचं नाव हवं. वडिलांसाठी त्याच्या जोडीला आईवडिलांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. म्हणजे तुमच्या आईच्या अर्जात लग्नाचा दाखला 'नात्याचा पुरावा' म्हणून मागत नाहीत. तुम्हाला तो हवा होता नाव कसं बदललं हे दाखवायला. ते काम दुसऱ्या कागदांनी करता येतं, त्यामुळे लग्नाची नोंदणी नाही म्हणून घाबरू नका.

लालबागचा_बाळू

आमच्या आजीला माहेरी बेबी, शाळेत प्रमिला, सासरी सुशीला आणि रेशनकार्डावर 'सुसीला'. आजोबा म्हणायचे, मी एकीशीच लग्न केलं, सरकारने चार दिल्या.

निवृत्त_आरोग्यखाते

जन्म-मृत्यू नोंदणीचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनघाताई, तुम्हाला पटलं नाही ते योग्यच. तुमच्या भावाचा जन्म नोंदलेला आहे. नोंद असताना त्याच जन्माची दुसरी नोंद करणं हे सरळ सरळ गैर आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा, १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यातलं कलम १३ उशिरा नोंदणीसाठी आहे, पण ते ज्यांची नोंद झालीच नाही त्यांच्यासाठी. एजंट याच कलमाच्या आडून 'नवीन दाखला' काढायला सांगतात आणि अर्जात 'पूर्वी नोंद नाही' असं तुमच्या सहीने लिहून घेतात. उद्या जुनी नोंद बाहेर आली की सही तुमचीच असते, एजंटची नाही.

तुमच्यासाठी दोन कलमं आहेत. कलम १४ मध्ये नाव न घालता झालेल्या नोंदीत बाळाचं नाव मागाहून घालता येतं. त्याला कालमर्यादा आहे आणि शासन मधूनमधून मुदतवाढ देतं, म्हणून आधी वॉर्डात आजची स्थिती विचारा. कलम १५ दुरुस्तीचं. इथे लोकांचा गैरसमज असतो की दुरुस्ती म्हणजे जुनं खोडून नवीन लिहिणं. तसं नाही. मूळ नोंदीला हात लावत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारीख घालून सही करतो. आणि तुमच्या बाबतीत सुलोचना हे चूक नाव नाहीच. ते तेव्हाचं माहेरचं खरं नाव. ते 'दुरुस्त' करायच्या भानगडीत पडू नका.

ज्या वॉर्डाच्या हद्दीत प्रसूतिगृह होतं त्या वॉर्डाच्या आरोग्य खात्यात जा. गिरगाव म्हणजे डी वॉर्ड. तुम्ही गोरेगावला राहता म्हणून पी दक्षिणला जाल तर हेलपाटा होईल.

डोंबिवली_फास्ट

थोडा असहमत. माझ्या सासऱ्यांच्या केसमध्ये नवऱ्याचा जन्म खेड्यात, नोंद कुठेच नव्हती. आम्ही मॅजिस्ट्रेटचा आदेश घेऊन उशिरा नोंदणी केली आणि काम झालं. सरसकट 'नवीन दाखला नको' असं सांगितलं तर ज्यांना खरंच गरज आहे ते घाबरतील.

निवृत्त_आरोग्यखाते

@डोंबिवली_फास्ट, आपण एकच बोलतोय. तुमची नोंद नव्हती, म्हणून तुमचा मार्ग बरोबर. वर्ष उलटल्यावरच्या नोंदणीला पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला.

सॅन_होजेकर

आणि नोंद खरी असली तरी उशिराची नोंद तिकडे जरा कमी वजनाची धरतात. पन्नास वर्षांच्या माणसाचा दाखला गेल्या महिन्यात नोंदलेला दिसला की अधिकारी विचारणारच, नोंद करताना आधार काय घेतलात? मग 'रिक्वेस्ट फॉर एव्हिडन्स', म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र येतं. त्यापेक्षा तो जुना आधारच पहिल्या फेरीत जोडावा.

नियमाची उतरंड पक्की आहे, अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, ८ सीएफआर १०३.२ मध्ये दिलेली. आधी मूळ दाखला. तो नसेल तर नाही असं संबंधित कार्यालयाचं लेखी प्रमाणपत्र आणि सोबत दुय्यम पुरावा, म्हणजे शाळेचे, धार्मिक वगैरे कागद. तेही नसेल तरच दोन प्रतिज्ञापत्रं, तीही अर्जाशी संबंध नसलेल्या, प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसांची. आपल्याकडे लोक शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात. नोटरीकडे जाऊन ॲफिडेव्हिट करतात आणि झालं समजतात.

मुलुंडची_माई

या सगळ्याच्या मुळाशी लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत आहे, हे कुणी बोलणार आहे का? तांदळात अंगठीने नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि तिचं वीस वर्षांचं शाळा-कॉलेज त्या ताटात विरघळून जायचं. त्याची किंमत आज सत्तरीत त्या बाईला सिद्ध करत बसावी लागते की ती तीच आहे. पुरुषाला कधी लागते का?

पार्लेकर_जोशी

माई, आमच्या काळी हौस होती हो. माझ्या हिचं नाव मी निवडलं आणि तिला ते आवडतं.

मुलुंडची_माई

आवडत असेल, वाद नाही. पण राजपत्रात दिलंत का तेव्हा? नाही ना? मग उद्या मुलाने कागद मागितले तर ही हौस निस्तरायला वहिनींनाच रांगेत उभं राहावं लागेल.

पार्लेकर_जोशी

हे मात्र खरं. आज विचारतो तिला.

रत्नांग्री_४१५६

अनघा, तुमच्या आजोबांची गावी जमीन होती का? असेल तर फेरफार काढा. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर वारस लागले असतील. ती नोंद फेरफार रजिस्टरमध्ये, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असते, आणि वारसांचं रजिस्टर नमुना ६-क. लग्न झालेल्या मुली सासरच्या नावाने लागतात, नवऱ्याच्या नावासकट. म्हणजे माहेरच्या बापाची मुलगी आणि सासरच्या नावाची बाई एकाच सरकारी कागदावर, आणि तोही अमेरिकेचा विचार मनात यायच्या कितीतरी आधीचा. आमच्या आत्याचं काम यावरच झालं. तलाठी, नाहीतर तहसीलचा अभिलेख कक्ष. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ऑनलाइनही ठेवलेत.

सॅन_होजेकर

वा! हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

मोडी_वाचक_दादर

जुन्या कागदांचा विषय निघालाच आहे म्हणून. ज्यांच्या आईवडिलांचा जन्म खेड्यात, १९७० च्या आधीचा, त्यांनी कोतवाल बुक विसरू नये. गावातल्या जन्म-मृत्यूची ती जुनी नोंदवही, गाव नमुना १४. तहसील कार्यालयात मिळते. बऱ्याच नोंदी मोडीत असतात. नातेवाईकांपैकी कुणाला 'वाचता येतं' म्हणून त्याच्याकडून लिहून घेऊ नका. मोडीचं रीतसर लिप्यंतर करून घ्या, मग इंग्रजी भाषांतर. वाचक सापडत नसेल तर फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे चौकशी करा.

कोतवाल बुकात बाळाचं नाव क्वचितच असतं. 'अमक्या बापाला मुलगी' इतकंच. पण तारीख असते, आणि भावंडांचा क्रम लावून ती कोण ते ठरवता येतं. एका काकूंच्या नोंदीत घराची खूण लिहिली होती, 'वडाजवळचे घर', आणि तेच शब्द त्यांच्या जुन्या फेरफारात होते. असं काही हाताला लागलं की दिवस सार्थकी लागतो.

ब्रॅम्प्टनची_सुनबाई

आमच्याकडे कॅनडात कायमस्वरूपी आणायचं तर नशिबावर आहे. २०२० मध्ये नावं घेतली आणि पुढची कित्येक वर्षं त्याच यादीतून बोलावणी काढत राहिले. म्हणून आम्ही सासूबाईंना सुपर व्हिसावर आणलं, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. नात्याचा पुरावा तिथेही लागतोच. नवऱ्याचा जन्मदाखला दिला, त्यावर सुदैवाने सासरचंच नाव होतं.

मेलबर्न_मावशी

ऑस्ट्रेलियात तर सगळ्या भावंडांचा हिशेब द्यावा लागतो. निदान निम्मी मुलं इथे स्थायिक हवीत, नाहीतर इतर कुठल्याही एका देशापेक्षा इथे जास्त हवीत. आम्ही दोघी बहिणी, एक इथे एक ठाण्यात, म्हणून बसलो. तिसरं भावंड असतं आणि तेही भारतात, तर गेली असती संधी.

शिवडी_वडाळा

थोडा वेगळा प्रश्न आहे, पण इथेच विचारतो. मला काका-काकूंनी वाढवलं. मूल नव्हतं त्यांना, मी दीड वर्षाचा असताना घरच्या घरी ओटीत घातलं. कागद काही नाही. शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून काकांचं नाव, जन्मदाखल्यावर माझ्या जन्मदात्यांचं. काका गेले. काकू एकट्या आहेत शिवडीला. मी टेक्सासमध्ये आहे, नागरिक आहे. माझ्यासाठी आई म्हणजे काकू. त्यांना नेता येईल का?

सॅन_होजेकर

@शिवडी_वडाळा, याचं उत्तर गोड नाही, पण खोटी आशा लावत नाही. दत्तक १६ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी झालेलं हवं, आणि निदान दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि एकत्र राहणं दाखवावं लागतं. नुसतं वाढवलं हे पुरत नाही. आणि दत्तक सिद्ध झालं, त्या नात्यावर लाभ घेतला, की जन्मदात्या आईसाठी अर्ज करता येत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

ॲडव्होकेट_फोर्ट

मी इमिग्रेशनची वकील नाही, इथली आहे, म्हणून इथल्यापुरतं बोलते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ चा. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर दत्तक कायद्याने झालं असं कोर्ट गृहीत धरतं. पण दत्तक होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, प्रत्यक्ष देणं-घेणं झालेलं हवं. त्या दिवशी हजर असलेली माणसं हयात आहेत का? त्या वेळचा फोटो, पत्रं, काकांच्या नोकरीतलं नामनिर्देशन, काही? दिवाणी कोर्टात दत्तक झाल्याचं जाहीर करून मागणारा दावा करता येतो, पण तो अमेरिकेत कसा बघितला जाईल ते तिकडच्या वकिलाला विचारल्याशिवाय दावा टाकू नका. शाळेचा दाखला अगदी पहिल्या इयत्तेचा शोधा. जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापक देतात. प्रवेशाच्या दिवशी पालक म्हणून कुणाचं नाव होतं, ते तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे.

शिवडी_वडाळा

दोघांचेही मनापासून आभार. शाळा अजून चालू आहे. काकांचा मिलमधला पीएफचा कागद काकूंनी ट्रंकेत ठेवलाय, त्यावर 'मुलगा' म्हणून माझं नाव आहे हे नक्की आठवतंय. शोधायला सांगतो.

घाटकोपर_घाट

डीएनए टेस्ट करून टाका ना सरळ. एवढे कागद कशाला?

सॅन_होजेकर

@घाटकोपर_घाट, वरच्या केसमध्ये डीएनए काय सांगणार? आणि आईच्या केसमध्येही ती स्वतःहून करून पाठवायची गोष्ट नाही. कागद अपुरे पडले की ते सुचवतात, मग त्यांनी मान्य केलेल्या, एएबीबी मानांकन असलेल्या प्रयोगशाळेतून, ठरलेल्या पद्धतीने नमुना घेऊन. खर्च आपला. ९९.५ टक्के किंवा वर निकाल लागला तर मानतात. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट स्वीकारत नाहीत.

पुणेकर_आता_मुंबईत

अपॉस्टिल (परदेशात वापरायच्या कागदावरचं सरकारी प्रमाणीकरण) लागतं का? आमच्याकडून एका एजंटने प्रत्येक कागदाचे वेगळे पैसे घेतले.

सॅन_होजेकर

आय-१३० ला लागत नाही. लागतं ते पूर्ण इंग्रजी भाषांतर, आणि खाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र, की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. शिक्क्यांवरचा मजकूरसुद्धा भाषांतरात घ्या. 'गोल शिक्का, मजकूर अस्पष्ट' असेल तर तसं लिहा. फेरफारातला खाडाखोडीचा शेरा गाळलात तर तिथेच बोट ठेवतात.

गोरेगावची_अनघा

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. रत्नांग्रीकर, तुमच्यावरून ओवाळून टाकावं असं झालंय.

मामाकडून फेरफार मिळाला, १९८८ चा. आजोबांचे वारस म्हणून दोन मुलगे, एक मुलगी. मुलीचं नाव मीनाक्षी, पुढे बाबांचं नाव आणि आमचं आडनाव. सुलोचना कुठेच नाही. दुसरीकडे आईचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यावर सुलोचना, आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आणि लग्नपत्रिका सापडली, चि. सौ. कां. सुलोचना, वर म्हणून बाबा.

आता हे तीन कागद एकत्र ठेवले की मला लख्ख दिसतं, पण परक्या माणसाला दिसेल का? तो म्हणेल सुलोचना आणि मीनाक्षी दोन बहिणी कशावरून नाहीत?

रत्नांग्री_४१५६

उत्तर त्याच कागदात आहे. वारसात 'एक मुलगी'. आजोबांना मुलगीच एक, तर शाळेतली सुलोचना आणि वारसातली मीनाक्षी वेगळ्या कशा असतील? त्या ओळीखाली भाषांतरात रेघ मारा.

ॲडव्होकेट_फोर्ट

बरोबर. आणि पत्रिकेत बाबांचं नाव आहे, फेरफारातही बाबांचंच, जन्मदाखल्यावरही वडील तेच. बाबांचा मृत्यूदाखला आणि पेन्शनचे कागद जोडा. निवृत्तिवेतनाच्या कागदांत कुटुंबाचा तपशील असतो, 'पत्नी' समोर मीनाक्षी असणार.

आता प्रतिज्ञापत्र. मामाचं घ्या, कारण प्रसूतिगृहात नाव त्यानेच सांगितलं. छापील नमुन्यात 'उपरोक्त दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' एवढं लिहून सही घेतात, ते फार तोकडं पडतं. मामाने स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि नातं लिहावं, आणि मग त्याच्याच भाषेत: "सुलोचना ही माझी सख्खी धाकटी बहीण. आम्हा दोन भावांना ही एकच बहीण. १९७३ साली तिचे लग्न झाले, लग्नात मी हजर होतो. त्या वेळी सासरच्या रिवाजानुसार तिचे नाव मीनाक्षी ठेवण्यात आले. १९७६ साली तिची प्रसूती आमच्या घरी असताना गिरगावात झाली. प्रसूतिगृहात माहिती मी दिली व सवयीने तिचे माहेरचे नाव सांगितले." दुसरं प्रतिज्ञापत्र लग्नाला हजर असलेल्या कुणाचंही, नात्याबाहेरचं मिळालं तर उत्तम. स्टॅम्प पेपर आता पाचशेचा, शंभरचा घेऊन जाऊ नका.

राजपत्रातही नावबदल देऊन ठेवा. आज दिलेलं राजपत्र पन्नास वर्षांपूर्वीचं एकट्याने सिद्ध करत नाही, पण दोन्ही नावं एका सरकारी प्रकाशनात येतात.

सॅन_होजेकर

आणि वर एक पानभर पत्र, भावाच्या सहीचं. कुठला कागद काय दाखवतो ते क्रमाने. अधिकाऱ्याला मराठी रिवाज माहीत असेल असं धरून चालू नका. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतं हे बऱ्याच जणांना नवीन असतं.

एक विसरू नका. हे झालं भावाच्या दाखल्याचं. पुढे व्हिसाच्या टप्प्यात आईचा स्वतःचा जन्मदाखलाही मागतात.

गोरेगावची_अनघा

अरे देवा. आईचा जन्म १९५१ चा, गावातला. नोंद असेल असं वाटत नाही.

निवृत्त_आरोग्यखाते

घाबरू नका. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत जन्म, तिथे शोध घेण्याचा अर्ज द्या. नोंद नसेल तर 'अनुपलब्धता प्रमाणपत्र' मिळतं, नमुना १०. ग्रामसेवक कधी कधी साध्या पत्रावर 'नोंद आढळत नाही' लिहून देतात, ते घेऊ नका, नमुन्यातच मागा. त्यावर कोणत्या वर्षाचा शोध घेतला ते असायला हवं. सोबत आईचा शाळेचा दाखला, आणि कोतवाल बुकात काही सापडलं तर तेही.

मुलुंडची_माई

मुलाखतीबद्दल थोडं. माझ्या नणंदेची बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत झाली. ब्रीच कँडीची जुनी रांग आठवणाऱ्यांना सांगते, आता बरंच सुसह्य आहे. तिने मराठीत उत्तरं दिली. विचारलं काय, तर मुलगा काय करतो, घरी कोण कोण, लग्न कुठे झालं. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की नावाबद्दल विचारलं तर जे झालं ते सांग, पाठ करून काही बोलू नकोस. मूळ कागद सगळे बरोबर न्या, अपलोड केलेले असले तरी.

लालबागचा_बाळू

माझ्या बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे आणि आजी म्हणते आषाढातला जन्म. बदलू का?

निवृत्त_आरोग्यखाते

नका बदलू. मास्तरांनी घातलेला १ जून अर्ध्या महाराष्ट्राला आहे. पासपोर्टवर, पेन्शनवर, सगळीकडे तीच तारीख असेल तर तीच चालू द्या.

गोरेगावची_अनघा

मामा शनिवारी येतोय प्रतिज्ञापत्राला. दुसरं बाबांच्या ऑफिसातले काका देतायत, ते लग्नाला गावी आले होते. ॲडव्होकेट ताई, मसुदा इथेच टाकते उद्या, नजर घालाल का?

ॲडव्होकेट_फोर्ट

टाका. नावं-पत्ते मात्र काढून टाका, हा सगळ्यांना दिसणारा धागा आहे.